दाराकडं तोंड करून म्हटलेलं कडवं

आमच्या आईची हळदीची ओवी मला तोंडपाठ होती, पण तिची चाल माझ्याकडं नव्हती. हे ऐकून ढोकीतल्या बाया हसतील. जिला भजनाच्या चाली विचारायला पार ईट गावापासून फोन येतात, तिला स्वतःच्या आईची चाल येत नाही म्हणजे काय! पण खरं तेच होतं. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. कुणाच्याही घरी लग्न असलं की हळद दळायला आईलाच बोलवायचे. जात्याचा खुंटा धरून ती म्हणायची, ‘हळदीबाई हळदी, तुझा पिवळा गं रंग, लेक चालली माझी, मन चाललं तिच्यासंगं.’ शब्द राहिले आणि चाल तिच्याबरोबर गेली. माझ्या हळदीला चुलतीनं तेच शब्द भलत्याच चालीत म्हटले. मी मांडवात हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून पोरगी रडते. त्याच दिवशी मी मनाशी गाठ बांधली, की मला लेक झाली तर तिच्या हळदीला आईची ओवी आईच्याच चालीत मी म्हणणार. पुढं कितीदा पेटी घेऊन बसले, कितीदा सूर जवळ आल्यासारखा वाटला, आणि दर वेळी निसटला. नवरात्रात तुळजापूरला आमचं भजनी मंडळ सेवेला जातं, तेव्हा आईसाहेबांपुढं डोकं टेकून मी दुसरं काही मागत नसे. चाल दे, एवढंच. देवी ऐकते म्हणतात. माझ्या बाबतीत तिनं कानात बोळे घातलेत की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

अशात एस्तर आमच्या शेजारी राहायला आली. तिच्या मालकांची बँकेत बदली झाली आणि आमच्याच घराचा अर्धा भाग आम्ही त्यांना भाड्यानं दिला. मध्ये फक्त एक भिंत. नाव ऐकून आम्हाला वाटलं ख्रिश्चन असतील, तर ती म्हणाली, “नाही हो काकू, आम्ही यहुदी. बेने इस्रायल. मूळचे कोकणातले. पूर्वी आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला शनिवार तेली म्हणत.” देव एकच, मूर्ती नाही, आणि शनिवारी काम नाही. बाकी साडी आपल्यासारखी, बोलणं आपल्याहून शुद्ध, आणि कालवणात नारळाचं दूध. दाराच्या चौकटीला एक छोटी नळी तिरकी बसवलेली होती, आत देवाचं वचन लिहिलेली गुंडाळी. येता-जाता ती त्या नळीला बोटं लावून ओठांना लावायची. एवढ्यावर माझं काही दुखत नव्हतं. दुखायला लागलं ते ती गायली तेव्हा.

आमचं भजन मंगळवारी असायचं, देवीच्या देवळात. ती पहिल्यांदा आली ती नुसती पेटीवर साथ करायला. “देवीचं नाव तुम्ही घ्या, मी सूर धरते,” म्हणाली. मला बरं वाटलं. मग आमच्या मंडळातल्या कमळाबाईला काय दुर्बुद्धी सुचली, “ताई, तुमच्यातलं एखादं म्हणा की!” पूर्वी त्यांच्यातले लोकही आपल्यासारखंच कीर्तन करायचे म्हणे, मराठीतून, पेटी-तबल्यावर, कथा मात्र त्यांच्या धर्मातल्या. तसलंच आजीकडून आलेलं एक पद तिनं म्हटलं. राजाच्या भीतीनं एक आई आपलं तान्हं बाळ टोपलीत घालून नदीत सोडते, त्याची कथा. सरळ बसून, हात मांडीवर ठेवून, काही ताना नाहीत की मुरक्या नाहीत. देवळात एक बाई कोरड्या डोळ्यांची राहिली नाही. कमळाबाई नाक पुसत म्हणाली, “आगं बया, ह्यो तर आपला कर्णच की!” एस्तर हसली. “तसाच, पण याची बहीण काठावर उभी होती, लक्ष ठेवायला.” यावर बाया आणखीनच रडल्या. आणि नंतर आरती सुरू करायची तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. आजवर त्या माना माझ्याकडं वळायच्या.

मी जळले. सरळच सांगते, उगाच गोडगोड लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. काळी पाचच्या वरच्या पट्टीत खणखणीत गाणारी बाई मी, माईक नसला तरी देवळाबाहेरच्या रिक्षावाल्याला ऐकू जायचं, आणि ही हळू आवाजात गाऊन सगळं लुटून घेऊन गेली! घरी आले की भांडी आपटायचे. आमचे हे जेवायला बसले की म्हणायचे, “आमटीत मीठ लई पडलंय, आज मंगळवार दिसतोय.” लेकीनं, शीतलनं, तर तिला मावशीच करून टाकलं. शिवणाचा क्लास सुटला की पोरगी आधी तिच्याकडं जायची आणि मग आपल्या घरी यायची.

मग मी एक युक्ती केली. शुक्रवारी तिन्हीसांजेपासून एस्तर घराबाहेर पडत नाही, हे मला ठाऊक होतं. तिचा शनिवार तेव्हाच सुरू होतो. मंगळवार काय आणि शुक्रवार काय, दोन्ही वार देवीचेच. मी मंडळात सांगितलं, मंगळवारी ढोकीत दूध डेअरीची गडबड असते, आपण भजन शुक्रवारी संध्याकाळी ठेवू. कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. एस्तरला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरासा उतरला, पण म्हणाली, “देवीचा वार आहे काकू, तुम्ही कशाला माझ्यासाठी बदलता?” झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आरतीला माना पुन्हा माझ्याकडं वळायला लागल्या.

आणि दोन-तीन शुक्रवार गेले न गेले तोच माझा गळा गेला. गळ्याशी गाठ होती, ती वाढली. सोलापूरला ऑपरेशन करावं लागलं. गाठ साधी निघाली, देवीची कृपा. पण शुद्धीवर येऊन मी हाक मारायला गेले तर तोंडातून नुसता वारा. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, हळूहळू येईल, पण पहिल्यासारखा वरचा सूर लागेलच असं सांगता येत नाही. घरी आल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. शीतलचं लग्न वैशाखात ठरलेलं. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं थांबले त्या दिवशी मी मुकी! देव्हाऱ्यापुढं बसून मी मनातल्या मनात भांडायचे, आई, चाल मागितली होती, ती द्यायची राहिली बाजूला, होता तो गळाही काढून घेतलास. आता तुझ्या ओटीत काय घालू, हा वारा? तरी नवस बोलले. दुसरं करणार काय. हळदीपुरता आवाज दे, साडी-खणानं ओटी भरीन, म्हटलं.

एस्तर रोज यायची. पेज आणायची, उशाशी बसायची. ती बोलायला लागली की तिचा तो स्वच्छ आवाज माझ्या कानात काट्यासारखा टोचायचा. माणूस आजारी पडला की मन मोठं होतं म्हणतात. माझं तर आणखीनच आखडलं. पेज प्यायचे आणि जळायचे, दोन्ही बरोबरच.

लग्न जवळ आलं तसं एका शुक्रवारी दुपारी शीतल माझ्याजवळ बसली. पोरीनं धीर गोळा केला असणार, कारण ती सारखी बांगड्या फिरवत होती. “आई, रागावू नको. तुला आत्ता म्हणता येत न्हाय. हळदीला एस्तर मावशीनं ओवी म्हटली तर?” बोलता तर येतच नव्हतं. पण डोक्यात असा जाळ उठला की काय सांगू. भजन घेतलं, लेक घेतली, आता माझ्या आईची ओवीही हिच्या तोंडी! संध्याकाळी शीतल आणि आमचे हे पत्रिका वाटायला गेले, एरवी सोबतीला येणाऱ्या बाया भजनाला गेल्या, आणि मी एकटी घरात. भिंतीपलीकडून एस्तरच्या गाण्याची गुणगुण यायला लागली. शब्द कळत नव्हते, सूरही अर्धामुर्धा. एवढंच कळत होतं की हिला गळा आहे आणि मला नाही. मी उठले. पदर खोचला. कुजबुजत का होईना, तोंडावर सांगणार होते, “माझ्या लेकीच्या हळदीत तुम्ही गायचं न्हाय, मॅडम.” वाक्य घोकत घोकत अंगण ओलांडलं.

तिचं दार उघडं होतं. आत काचेच्या पेल्यांत पाण्यावर तेल घालून वाती लावल्या होत्या. टेबलावर पांढरी चादर. एस्तरनं पदर डोक्यावर घेतला होता, तिच्या मालकांनी टोपी घातली होती, आणि दोघं माझ्याकडं पाठ करून गात होती. भाषा त्यांची, इब्री, म्हणजे हिब्रू. एक अक्षर कळत नव्हतं. आणि मी उंबऱ्यापाशी थबकले, कारण ती चाल माझ्या आईची होती.

कशी ओळखली ते सांगता येणार नाही. ती इतकी वर्षं सापडली नव्हती, पण कानावर पडल्यावर ओळखायला क्षणही लागला नाही. ‘पिवळा’वर आई जिथं किंचित थांबायची आणि मग सूर खाली टेकवून पुढं जायची, तिथंच ती दोघं थांबत होती, तिथंच टेकत होती. जात्याची घरघर तेवढी नव्हती. मी चौकट धरली. आणि तेवढ्यात ती दोघं एकदम वळली, दाराकडं तोंड केलं, आणि गाता गाता कमरेतून वाकली. थेट माझ्यासमोर. भांडायला आलेल्या माझ्यासमोर! मी गडबडून हात जोडले. दुसरं काय करणार? डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी आपली नमस्कार करून उभी.

गाणं संपल्याशिवाय ती बोलली नाही. मग मला हाताला धरून आत घेतलं. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत दिलं. त्यावर ते आधी प्रार्थना म्हणतात. तिनं सांगितलं, त्यांच्यात शब्बाथ, म्हणजे तो विश्रांतीचा दिवस, नवरी मानतात. शुक्रवारी दिवस मावळताना ती घरी येते. तिच्या स्वागताचं गाणं असतं, आणि शेवटचं कडवं दाराकडं तोंड करून, वाकून म्हणायचं, नवरीला आत घ्यायचं. “अन् दारात मी!” मी कशीबशी कुजबुजले. तिचे मालक इतके हसले की टोपी सावरावी लागली.

चालीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “शब्द सगळीकडं तेच असतात काकू. चाल ज्याच्या त्याच्या गावची. बगदादकडच्या लोकांची वेगळी, कोचीनच्या लोकांची वेगळी. आमच्या आजीनं जात्यावरची चाल या शब्दांना लावली. तिला ती कुठून मिळाली, देवाला ठाऊक.” खरं सांगते, त्या क्षणीही मला कृतज्ञता वाटली नाही. आधी हेवाच वाटला. माझ्या आईची चाल हिच्या घरात आजीकडून आईकडं, आईकडून हिच्याकडं अशी सुखरूप आली, दर शुक्रवारी न चुकता म्हटली गेली, आणि पोटच्या पोरीला, मला, तिचा तुकडाही राहिला नाही. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. तिनं माझ्या पेल्यात आणखी सरबत ओतलं. मग म्हणाली, “आमच्याकडं होती ती सांभाळायला. आता तुमची तुम्ही घ्या.”

ओव्यांच्या चाली इथून तिथून सारख्याच असतात, असं एखादा शहाणा म्हणेल. म्हणू दे. मी भजन शुक्रवारी नेलं नसतं तर त्या वेळी घरात मी एकटी नसते आणि भिंतीपलीकडचं ऐकलं नसतं, एवढं मला कळतं. मी वाट अडवायला जो दगड टाकला, त्याचीच आईसाहेबांनी पायरी केली.

दुसऱ्या दिवशी शनिवार संपला, आणि ती शिकवायला आली. मी म्हणायला गेले तर घसा फाटल्यासारखा आवाज आला. मी सवयीनं वरच धरत होते. “खाली या काकू, आणखी खाली,” ती म्हणत राहिली. मला खाली यायचं म्हणजे अपमान वाटायचा. जन्मभर वरच्या पट्टीचा तोरा मिरवलेला! पण वर काही उरलंच नव्हतं. शेवटी थकून आवाज जिथं पडत होता तिथंच पडू दिला. भरडा, जड, खालचा. आणि त्या आवाजात चाल अलगद बसली. तेव्हा आठवलं, आईचा आवाज असाच होता, भरडा. ती बायकी आवाजात गातच नसे. चाल खालच्या सुराची आणि मी इतकी वर्षं तिला काळी पाचमध्ये शोधत बसले होते. सापडणार कशी? मी एस्तरच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिला पहिल्यांदा अगं-तुगं केलं ते तेव्हा. “तू आधी का न्हाय आलीस गं ढोकीला?” म्हटलं.

हळदीच्या दिवशी मांडवात जातं मांडलं, त्याला आंब्याची पानं बांधली. सुवासिनी जमल्या. माझी नणंद हळूच म्हणाली, “वैनी, त्या बाईला जात्याला हात लावू द्यायचा का? आपल्यातल्या न्हाईत त्या.” मी म्हटलं, “सुवासीन हाय ना? मग बसू दे.” खुंटा मी आणि एस्तरनं मिळून धरला. जातं फिरलं. मी सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला आवाज तुटला. शीतल पाटावर बसलेली, तिचे डोळे माझ्यावर. एस्तरनं पुढची ओळ घेतली नाही, हे मी कधी विसरणार नाही. तिला घेता आली असती, आणि सगळ्यांनी वाहवा केली असती. तिनं फक्त तोंड मिटून खालचा सूर धरला, जात्याच्या घरघरीत मिसळून जाईल इतका हळू. माझ्या अधांतरी पायांखाली कुणीतरी जमीन आणून ठेवली असं वाटलं. त्या सुरावर मी पुन्हा उभी राहिले. ‘हळदीबाई हळदी...’ भरडा आवाज मांडवभर गेला. कोपऱ्यात माझी म्हातारी चुलती बसली होती, ती एकदम उठून उभी राहिली आणि आईचं नाव घेऊन म्हणाली, “आली गं बाई, आली! लेकीच्या हळदीला आली!” मग कुणाच्याच तोंडून ओवी नीट निघेना.

लग्नानंतर एस्तरकडं पुण्याहून दोन गाड्या भरून नातेवाईक आले. मोठ्या ताटात गोड पोहे, खोबरं, फळं रचली. त्याला मलिदा म्हणतात. एलियाहू म्हणून त्यांचे एक पैगंबर आहेत. नवस फळला की त्यांच्या नावानं करतात. मी विचारलं, “कसला नवस गं?” ती पोह्यांत खोबरं मिसळत होती, मान वर न करता म्हणाली, “तुमच्या गळ्याचा. तुम्हाला सोलापूरला नेलं त्या दिवशी बोलले होते.” मी तिचा शुक्रवार अडवून बसले होते, आणि ती माझ्यासाठी देवाशी बोलून बसली होती. नवस दोन, गळा एक. ओटी तुळजापूरला भरली आणि मलिदाही पोटभर खाल्ला. कुणाच्या नवसाची पावती कुणाला द्यायची, ते वरचे आपसात बघून घेतील.

भजन पुन्हा मंगळवारी आणलं. दूध डेअरीची गडबड कुठं गेली, असं कुणी विचारलं नाही. कमळाबाई तेवढी गालात हसली. आता पुढं कमळाबाईच म्हणते, चुकतमाकत, आणि मी मागं बसून झील धरते. वरचा सूर परत आला नाही आणि मी आता मागतही नाही. हेवा पुरता गेला असं खोटं लिहिणार नाही. एस्तर गायला लागली की अजून पोटात बारीकसं दुखतं. पण पूर्वी मला वाटायचं, देवीचं देणं म्हणजे माझ्याच पदरात पडलेलं. ते शेजारच्या घरातही ठेवलेलं असतं आणि आपण वाकून आत जायचं असतं, हे कळायला मला गळा द्यावा लागला.

शीतल सासरी गेल्यापासून शुक्रवारची संध्याकाळ घरात मोठी वाटते. दिवस मावळायला लागला की मी अंगण ओलांडून एस्तरच्या दारात जाऊन उभी राहते. आत जायची घाई करत नाही. ती दोघं गात असतात, माझ्या आईच्या चालीत. शेवटचं कडवं आलं की ती वळतात, वाकतात, आणि मीही पदर सावरून वाकते. क्षणभर वाटतं, माझ्या मागून हिरवा चुडा भरलेली पोरगी आत येते आहे. मग मी बाजूला सरकते, तिला वाट देते, आणि तिच्या मागून आत जाते.